थोपवलेल्या कळा

कळा थांबवता येतात हे कळल्यावर माणसांनी पहिलं काय केलं? पंचांग उघडलं.

औषध निघालं होतं वेगळ्याच कामासाठी. सातव्या महिन्यातच कळा सुरू झालेल्या बाईला तालुक्याहून जिल्ह्याला नेईपर्यंत जीपमध्येच मूल व्हायचं, आणि दवाखान्यातली काचेची पेटी दिसायच्या आत दगावायचं. त्या कळा काही दिवस थोपवून धरल्या तर पोराची फुप्फुसं तयार होतील, एवढाच साधा विचार शोधणाऱ्यांच्या डोक्यात होता. चांगला होता.

गर्भाशय हा स्नायूच, पण हातापायाच्या स्नायूसारखा मेंदूचा हुकूम मानणारा नाही. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गर्भाशयाची काडीपेटीतल्या काडीएवढी पट्टी कोमट खारट पाण्यात टांगा, ती आपली आपण आवळते, सैल पडते, परत आवळते. मालकीण शंभर कोसांवर असली तरी. या स्नायूला चढवायचं-उतरवायचं काम प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं करतात. ती संप्रेरकांसारखी, पण संप्रेरकं नव्हेत. संप्रेरक ग्रंथीत तयार होतं आणि रक्तातून लांबवर जातं. ही द्रव्यं जागच्या जागी तयार होतात, तिथंच काम करतात आणि लगेच मोडून जातात. त्यातही एकमत नाही. एक जात स्नायू आवळते, दुसरी सैल सोडते, तिसरी थोडी असली तर आवळते आणि जास्त झाली की सैल सोडते. पेशीच्या अंगावर कुठलं कुलूप आहे, त्यावर सगळं.

सैल सोडणाऱ्या कुलपाची एक नवी किल्ली बनवली गेली, शरीरात लवकर न मोडणारी. बाजारात तिचं नाव पडलं 'विराम'. आवळणाऱ्या कुलपाच्या किल्लीचं नाव 'आरंभ'. पोटावर एक पट्टा बांधायचा. कळ येण्याआधी स्नायूत जी वीज धावते ती पट्टा ओळखतो आणि दंडाला लावलेला पंप थेंब सोडतो. कळ उठायच्या आधीच बसते.

विरामने पोरं वाचवली, हे खोटं नाही. पण मग कुणीतरी एका डॉक्टरला बाजूला घेऊन विचारलं, "साहेब, गुरुपुष्यापर्यंत ढकलता येईल का?" मुहूर्तावर पोट फाडून पोर काढायची रीत आपल्याकडे जुनीच. आता फाडायचीही गरज उरली नाही. वर्षभरात तालुक्या-तालुक्यात फलक लागले: 'नैसर्गिक प्रसूती, तुमच्या मुहूर्तावर.' त्यात 'नैसर्गिक' हा शब्द कोणत्या तोंडाने घातला, ते घालणाऱ्यालाच ठाऊक.

या फलकांविरुद्ध विट्यात सगळ्यात कडक भाषण केलं ते हेमलता दबडे यांनी. ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवून निवृत्तीला आलेल्या बाई. नगरपालिकेच्या सभागृहात उभ्या राहून त्या म्हणाल्या, "बाळंतिणीच्या पोटातल्या स्नायूला आश्लेषा कळत नाही आणि मूळही कळत नाही. कळतं ते आपल्याला, आणि आपल्याला जे कळतं ते खोटं आहे." टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत सातव्या महिन्याचं पोट सांभाळत बसलेल्या केतकीने सगळ्यात जोरात वाजवल्या.

केतकी त्यांची सून. त्याआधी त्यांचीच विद्यार्थिनी, बारावीला पुढच्या बाकावर बसणारी. आता विटा आगारात एसटीची विजेवरची बस चालवायची. लग्न झाल्यावर नातेवाइकांनी शिकवून पाहिलं की सासूला आई म्हण, आत्या म्हण. ती म्हणाली, "बाईच म्हणणार. शिव्या खाल्ल्यात मी त्यांच्या वर्गात, एवढा तरी हक्क पाहिजे." हेमलताबाईंना त्या 'बाई'चा फार अभिमान होता. नातं कागदाचं नाही, कमावलेलं आहे असं वाटायचं.

एक गोष्ट मात्र त्यांनी ना वर्गात सांगितली होती, ना भाषणात. त्यांचा स्वतःचा जन्म मुळावरचा. मुळावरची मुलगी सासऱ्याला वाईट, म्हणून स्थळं उंबऱ्यावरूनच परत जायची. शेवटी आईने एका स्थळाला जन्मवेळ खोटी सांगितली आणि लग्न लागलं. वर्षाच्या आत सासरे विहिरीवरच्या मोटरीचा शॉक लागून गेले. तेराव्याला माहेरचं कुणीतरी बोलून गेलं, आणि सासूला, गोदाक्काला, खरी वेळ कळली. तेव्हापासून जेवताना, निवडताना, पाहुण्यांसमोर, पाहुण्यांमागे एकच: "आलीस आणि माझं कुंकू खाल्लंस." हेमलताबाई त्या घरात राहून शिकल्या, नोकरीला लागल्या, नवरा गेल्यावरही त्याच सासूला सांभाळत राहिल्या. ते वाक्य किती वर्षं चाललं आणि कधी थांबलं, आठवत नव्हतं. गोदाक्का आता नव्वदीला टेकलेली, कानाने अधू, दिवसभर सोप्यात उन्हाला बसलेली. वाक्य मात्र हेमलताबाईंच्या आत अजून ठणठणीत होतं.

दिवस भरले आणि केतकीच्या कळा एका सकाळी न्याहारीच्या वेळी सुरू झाल्या. शार्दूल, तिचा नवरा, तिकडे साक्रीला. पवनचक्क्यांची पाती दुरुस्त करायचं काम त्याचं. दोर कमरेला बांधून आकाशात लोंबकळायचं आणि चिरा बुजवायच्या. फोनवर म्हणाला, "हातातलं पातं संपवून निघतो, उद्यापर्यंत पोचतो." मग हेमलताबाईच तिला डॉक्टर हुद्दारांच्या प्रसूतिगृहात घेऊन आल्या. तालुक्यात तेवढं एकच धड होतं. फलक त्यांच्याही दारावर होता.

रिक्षातून उतरताना केतकी कमरेवर हात ठेवून हसली. "बाई, डबल बेल झाली. आता गाडी थांबत नाही."

सिस्टर मार्थाने पोटाला पट्टा बांधला, तपासलं, सगळं ठीक म्हणाली. हेमलताबाई पाण्याची बाटली भरायला बाहेर आल्या, तर ब्लेझर घातलेला एक पोरगा त्यांची वाट बघत उभा. छातीवर बिल्ला: तन्मय, जन्मवेळ सल्लागार.

"मॅडम, एक मिनिट. आज सकाळी मूळ लागलंय. उद्या दुपारी संपतं. पेशंट दुपारपर्यंत मोकळी होईल असं दिसतंय, म्हणजे पहिल्या चरणात. आम्ही सगळ्यांनाच सांगतो, सक्ती काही नाही."

"तू मला ओळखतोस का?"

"हो मॅडम. तुमचं भाषण ऐकलंय मी. फार छान होतं." त्याने आवाज उतरवला. "म्हणून तर बाजूला घेऊन विचारतोय. कुणाला कळणार नाही."

"मी हे मानत नाही."

"मी तरी कुठं मानतो, मॅडम? पण पहिलं चरण बापाला वाईट म्हणतात, तेवढं कानावर घालून ठेवायचं असतं. नंतर लोक आमच्या अंगावर येतात."

बापाला. हेमलताबाई बाटली भरत राहिल्या. पाणी वरून सांडून पायावर आलं तरी नळ बंद करायचं सुचेना. साक्रीच्या माळावर एक पांढरं पातं आणि त्याला लोंबणारा मुंगीएवढा माणूस, एवढंच डोळ्यांसमोर होतं.

मनाशी त्या वेगळंच म्हणाल्या. म्हणाल्या, मी मानत नाही, पण लोक मानतात. मुलगी झाली तर उद्या तिची स्थळं माझ्यासारखीच परत जातील. तिला एखादी गोदाक्का भेटेल. मी जे भोगलं ते तिने कशाला भोगायचं? शिकलेल्या माणसाला भीतीसाठी कारण हवं असतं, आणि ते सापडायला वेळ लागत नाही. नळ बंद करेपर्यंत त्यांना सापडलं होतं.

डॉक्टर हुद्दार सरळ बोलले. "करता येईल. पण संमती पेशंटची लागते. तिचं समाधान तुम्ही करा, मी कारण विचारत नाही."

"धोका?"

"फार नाही. पूर्ण दिवसांच्या कळा थोपवल्या की स्नायू नंतर कधी कधी आळशीपणा करतो. त्याला आरंभ आहेच आपल्याकडे."

इथं एक प्रश्न विचारायला हवा होता, आणि तो त्यांना येत होता. गर्भाशयाचं काम मूल बाहेर आल्यावर संपत नाही, खरं काम तेव्हा सुरू होतं. वार सुटते तिथं रक्तवाहिन्यांची तोंडं उघडी पडतात. त्यांना टाका घालायला कुणी येत नाही. स्नायू स्वतःच मुठीसारखा आवळतो आणि त्या वाहिन्यांना पिळून बंद करतो. हे बाई दर वर्षी शिकवायच्या, मूठ वर करून दाखवायच्या. सैल केलेला स्नायू मुठीसारखा आवळला नाही तर, हा प्रश्न चौथीतल्या पोराने विचारला असता. बाईंनी विचारला नाही. उत्तर ऐकून नाही म्हणावं लागलं असतं.

केतकी खाटेची कड धरून एका कळेतून बाहेर येत होती. घाम पुसून म्हणाली, "बाई, थांबवायचं म्हणतात. का हो?"

"बाळाचं डोकं नीट बसलेलं नाही. वळायला थोडा वेळ द्यायचा, एवढंच."

"मार्था सिस्टर तर ठीक म्हणाल्या मघाशी."

"मी डॉक्टरांना विचारून आले."

"मग झालं." तिने संमतीच्या टॅबवर अंगठा टेकवला. टेकवता टेकवता मान वर केली. "मुहूर्तबिहूर्त नाही ना? न्हाई, तुमच्या त्या भाषणानंतर आपल्याच घरात निघालं तर लोक खानापूरपर्यंत हसतील आपल्याला."

हेमलताबाईही हसल्या. मोकळ्या हसल्या. दंडावरच्या पंपाने टिक् केलं आणि पहिला थेंब गेला.

कळा बसल्या. केतकीने उपमा खाल्ला, वऱ्हांड्यात फेऱ्या मारल्या, शेजारच्या खोलीतल्या बाळंतिणीशी ओळख काढली. शार्दूलला फोन लावला तेव्हा वाऱ्याचा घोंगाट ऐकू येत होता.

"वर आहेस का खाली?" केतकीने विचारलं.

"वर. मजा बघ, इथून सगळ्या गाड्या खेळण्यातल्या दिसतात. तुझी पण अशीच दिसेल."

हेमलताबाईंनी फोन हिसकावला. "तू आज खाली उतर. आत्ताच्या आत्ता. उद्या दुपारपर्यंत चढायचं नाही."

"आई, काय झालं?"

"वारं आहे."

"वारं नसेल तर पवनचक्की कशाला लावतील?" तो हसला. मग गंभीर होऊन म्हणाला, "बरं, उतरतो. संध्याकाळच्या गाडीनेच निघतो. तू घाबरलीस का?"

त्यांनी फोन परत दिला. केतकी त्यांच्याकडे बघत होती, नवलाने आणि थोड्या मायेने. "आजी व्हायची वेळ आली की बाई पण आईसारख्या वागायला लागल्या," असं म्हणाली.

उद्या दुपारपर्यंत. आपण काय बोलून गेलो ते हेमलताबाईंना तेव्हा ऐकू आलं. नातीची स्थळं, लोकांची तोंडं, सगळं गळून पडलं आणि खाली जे राहिलं ते फार साधं होतं. त्या मानत होत्या. जन्मभर मानत आल्या होत्या. भाषणं करायच्या ती स्वतःलाच ऐकवण्यासाठी, आणि ती ऐकणाऱ्या सगळ्यांना पटली होती, त्यांना सोडून. तेव्हाही पंप बंद करता आला असता. आत जाऊन चार वाक्यं बोलायची होती. त्या केतकीची वेणी घालत बसल्या.

दिवस मावळता मावळता केतकी म्हणाली, "बाई, पोट माझं वाटतच नाही. ब्रेकवर कुणीतरी दुसरंच बसल्यागत वाटतंय."

"झोप तू. सकाळी सगळं ठीक होईल."

दुसऱ्या दिवशी दुपारी मूळ संपलं. तन्मयने हेमलताबाईंच्या फोनवर कमळाचं चित्र पाठवलं. विराम बंद झाला, आरंभ सुरू झाला. आत उरलेला विराम सहजासहजी जागा सोडेना, म्हणून आरंभ वाढवत नेला. मग ज्या कळा आल्या त्या उठून बसणाऱ्या नव्हत्या, आपटणाऱ्या होत्या. केतकीने खाटेची कड इतकी जोरात धरली की बोटं पांढरी पडली. ओरडली नाही. उन्हं कलायच्या आत मुलगी झाली. काळी कुळकुळीत, जावळ दाट, आणि आल्या आल्या भांडायला लागलेली.

"बसलं की हो डोकं नीट," केतकी पुटपुटली.

हेमलताबाईंनी पोर हातात घेतली. तेवढ्यात मार्था सिस्टर केतकीचं पोट चोळता चोळता थांबली. "सर, पोट घट्ट होत नाही."

बाळंतपणानंतर बेंबीखाली टणक गोळा हाताला लागायला हवा. हाताला लागत होतं ते भिजवलेल्या कणकेसारखं. आणि खाली रक्त. चादर, खाट, फरशी. डॉक्टर हुद्दारांनी एक मूठ आतून आणि दुसरा हात बाहेरून लावून ते गर्भाशय दोन्हीकडून दाबून धरलं. कपाळावरून घाम ओघळत होता, पुसायला हात नव्हते.

"विराम बंद केला होता ना?"

"कधीच केलाय, सर."

"म्हणजे अजून बसलाय."

लवकर न मोडणारी किल्ली. जीपमधल्या पोराला वाचवणारा जो गुण, तोच आता नडत होता. आवळायची जितकी औषधं होती तितकी दिली गेली. स्नायूला कुणाचंच ऐकू येत नव्हतं. रक्ताच्या पिशव्या एका बाजूने चढत होत्या आणि दुसऱ्या बाजूने वाहून जात होत्या. केतकीचे ओठ राखेच्या रंगाचे झाले.

डॉक्टर मान न वळवता म्हणाले, "गर्भाशय काढावं लागेल. नाहीतर ती जाईल. सही कोण करणार?"

शार्दूलची गाडी रस्त्यात बंद पडलेली, तो अजून वाटेतच होता, फोन लागत नव्हता. हेमलताबाईंनी पोर मार्था सिस्टरकडे दिली आणि सही केली. सही नेहमीसारखी वळणदार आली. नंतर त्यांना त्याचीच जास्त लाज वाटली.

केतकी वाचली.

असं काही झालं की काढलेलं गर्भाशय औषधवाल्यांच्या पुण्याच्या प्रयोगशाळेत जातं. दोष औषधाचा की स्नायूचा, ते बघायला. दुसऱ्या दिवशी डॉक्टर हुद्दार तिथून आलेलं चित्रण टॅबवर घेऊन आले आणि हेमलताबाईंना दारातूनच खुणावून बाहेर बोलवायला लागले. केतकी जागी होती. पोर कुशीत होती. शार्दूल पायाशी स्टुलावर बसलेला, दाढी वाढलेला.

"माझ्या पोटातलं आहे ना ते?" केतकी म्हणाली. "मग इकडं आणा. मी बघणार."

डॉक्टरांनी टॅब तिच्यासमोर धरला. पडद्यावर एक काचेची नळी, तीत कोमट पाणी, दोऱ्याला टांगलेली काडीएवढी गुलाबी पट्टी. शेजारी एक सरळ रेघ. एक हात येऊन नळीतलं पाणी बदलून गेला. परत बदलून गेला. रेघ सरळच. मग तिला एक फुगवटा आला. थोड्या वेळाने दुसरा, मोठा. मग टेकडीमागून टेकडी यावी तशी रेघ चढायला-उतरायला लागली. पट्टी दोरा ओढत होती, सोडत होती, परत ओढत होती.

"औषध धुऊन निघाल्यावर चालू झालं," डॉक्टर म्हणाले.

"म्हणजे ते चांगलं होतं."

"हो."

"थोडा वेळ मिळाला असता तर आवळलं असतं."

डॉक्टर टॅब मागे घ्यायला लागले, तिने तो धरून ठेवला.

"मग औषध द्यावंच का लागलं? डोकं एवढं वाकडं होतं का?"

"डोकं?" डॉक्टर गोंधळले. "डोकं पहिल्यापासून नीट बसलेलं होतं."

केतकीने मान वळवली. रागाने नाही. वर्गात फळ्यावरचं नीट दिसलं नाही की वळवायची तशी.

हेमलताबाई उभ्याच होत्या. "मूळ होतं," त्या म्हणाल्या. "दुपारपर्यंत मूळ होतं. डोक्याचं मी खोटं सांगितलं."

शार्दूलला काहीच कळेना. "कसलं मूळ?" त्याने विचारलं. त्याला सत्तावीस नक्षत्रांतली दोन नावं येत नव्हती. ती येऊ नयेत म्हणूनच तर आईने त्याला वाढवलं होतं.

"लोकांसाठी केलंत?" केतकीने विचारलं.

"आधी मनाला तसंच सांगितलं. पण ते खरं नाही. पहिलं चरण बापाला वाईट म्हणाले. हा दोरावर होता. मला भीती वाटली."

"म्हणजे तुम्ही मानता."

"हो."

पडद्यावरची पट्टी अजून ओढत होती. कुणीतरी टॅब बंद करावा असं हेमलताबाईंना वाटत होतं, पण सांगायचा हक्क उरला नव्हता.

"माझा जीव वाचवायला तिला मारत होतीस?" शार्दूल म्हणाला आणि उठून बाहेर गेला. त्यानंतर तो आईशी कामापुरतंही बोलला नाही.

केतकीने पोरीचं दुपटं नीट केलं. मग म्हणाली, "भाषणाला मी पहिल्या रांगेत होते, बाई. मला एकदा जरी तुम्ही म्हणाला असतात ना, की केतकी, मला भीती वाटतीया, तरी मी विचार केला असता. कदाचित थांबले पण असते. तुमच्यासाठी. पण तुम्ही मला शिकवलेलंच वापरून फसवलंत."

हेमलताबाई दाराकडे वळल्या.

"बारशाला बायका येतील," केतकी म्हणाली. "जन्मवेळ विचारतील. तेव्हा तुम्ही सांगायचं. सगळ्यांसमोर. मी तोंड उघडणार नाही."

बारसं घरीच झालं. सोप्यात पाळणा टांगला, घुगऱ्या शिजवल्या, आळीतल्या बायका जमल्या. गोदाक्काला भिंतीशी पाट देऊन बसवलं. पोरीचं नाव ठेवलं, पाळणा म्हणून झाला. केतकी पोटावर उशी दाबून खुर्चीत बसलेली. अजून खोकलं तरी टाके ओढायचे.

शेजारच्या कमलताईंनी घुगऱ्यांचा द्रोण हातात घेता घेता विचारलंच, "वेळ काय गं पोरीची? पत्रिका करायला टाकली का?"

केतकीने हेमलताबाईंकडे बघितलं.

हेमलताबाईंच्या हातात घुगऱ्यांचं पातेलं होतं. ते खाली ठेवून त्या सरळ उभ्या राहिल्या, वर्गात राहायच्या तशा, आणि सांगितलं. कळा मुळावर सुरू झाल्या. मी थांबवल्या. केतकीला खोटं सांगून थांबवल्या. त्यामुळे तिचं गर्भाशय गेलं, तिला आता मूल होणार नाही. माझं भाषण तुम्ही ऐकलंय, ते मला स्वतःला कधी पटलं नव्हतं.

बोलताना त्या तोंडावर थुंकी यायची वाट बघत होत्या. खरं सांगायचं तर आली असती तर बरं वाटलं असतं.

दोघीतिघींनी द्रोण खाली ठेवले. मग कमलताई हळूच म्हणाल्या, "जीव वाचला पोरीचा, ते झालं. पण न्हाई म्हटलं तरी बाई, चुकलं काय तुमचं? मुळावरची पोर कोण करून घेतंय?"

"तर काय," दुसरी म्हणाली. "आईचं काळीज आहे ते."

"अन् पोरगी आहे की एक. बास झाली की आजकाल."

तिसरी, जिची लेक आठव्या महिन्यात होती, ती जवळ सरकली आणि पदराआडून विचारू लागली, "बाई, त्या दवाखान्याचा नंबर असंल का? आमच्या जावयाची रास जरा नाजूक आहे."

केतकी खुर्चीतून म्हणाली, "द्या की, बाई. तुमच्या फोनमध्ये असंल. कमळ पाठवलं होतं त्यानं, बघितलंय मी."

हेमलताबाईंनी मान खाली घातली. एवढा वेळ भिंतीशी बसलेली गोदाक्का कानाला हात लावून शेजारणीला विचारत होती, "काय झालं गं? काय सांगतीया ही?" शेजारीण तिच्या कानात ओरडली, "मुळाचं, मुळाचं म्हणत्यात. पोर मुळावर व्हणार व्हती."

गोदाक्का बोळक्या तोंडाने हसली. हातातली घुगरी गालात ढकलून मोठ्याने म्हणाली, "मुळाचं काय यवढं घेऊन बसलाय? हिचाबी जलम मुळावरचाच की. हिनं काय खाल्लं कुणाला?"

बायका हसल्या. म्हातारीला खरंच काही आठवत नव्हतं. तिच्या डोळ्यांत कपट नव्हतं, मागचं काहीच नव्हतं. ती सुनेकडे कौतुकाने बघत होती.

पाळण्यात पोर कुरकुरली. केतकी उठायला गेली, तिचा हात आपोआप पोटावर गेला आणि ती परत बसली.

"खाल्लं, आत्याबाई," हेमलताबाई म्हणाल्या.